ज्याचं त्यानं लिहावं

माझ्या डाव्या कानाला ऐकू येत नाही, आणि मी पोट भरते ते लोकांचं ऐकून. सॉफ्टवेअर बनवायच्या आधी ज्यांच्यासाठी ते बनवायचं त्यांच्याकडे जायचं, त्यांना काय हवंय ते विचारायचं आणि ऐकून आल्यावर त्याचा आराखडा करायचा, हे माझं काम. कान एक आणि नोकरी दोन कानांची. हे गाऱ्हाणं नाही. एका कानावर माणूस छान जगतो, फक्त कुठं बसायचं ते त्याला आधी ठरवावं लागतं.

पुण्यातल्या आधीच्या नोकरीत ही गोष्ट बाहेर आली होती. माझ्या डाव्या हाताला बसलेल्या एका ग्राहकानं काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं नाही, त्याला तो माझा उद्धटपणा वाटला आणि मग खुलासा करावा लागला. कोणी वाईट वागलं नाही. उलट सगळे इतके चांगले वागले की विचारू नका. तुला त्रास नको, दगदग नको, असं म्हणत त्यांनी मला चाचणी विभागात नेऊन बसवलं. तिथं दिवसभर पडद्याशी बोलायचं. तुला काय हवंय, हे मात्र कोणी विचारलं नाही. निर्णय परस्पर झाला आणि वर त्याबद्दल मी सगळ्यांचे आभार मानले, याचा राग मला अजून येतो.

मग चेन्नईत, गिंडीतल्या एका कंपनीत जागा मिळाली. इथं कोणाला काही सांगायचं नाही असं मी ठरवूनच आले. आणि या शहरानं माझी अशी सोय केली की मी त्याची जन्मभर ऋणी राहीन. मला तमिळ येत नव्हतं. कोणी डावीकडून काही बोललं आणि मी बघत राहिले, तर समोरच्याला वाटायचं, बिचारी महाराष्ट्रातली, हिला भाषा कळत नाही. तो पुन्हा सांगायचा, सावकाश सांगायचा, समोर येऊन हातवारे करून सांगायचा. बहिऱ्या माणसाला याहून जास्त काय हवं? पंचाईत एवढीच झाली की मी राहायचे त्या तांबरमच्या भाजीवाल्यांशी हुज्जत घालता घालता माझं तमिळ सुधारत गेलं. ते जसजसं सुधारलं तसतसं हे पांघरूण तोकडं पडायला लागलं.

ऑफिसात माझ्यावर दोन वडीलधारी माणसं होती. एक अक्का. त्यांचं घराणं तंजावरच्या मराठ्यांपैकी, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. त्या घरची मराठी बोलायच्या. तिला जुन्या काळाचा वास होता, हेल तमिळ होता आणि अडलं की सरळ तमिळ शब्द यायचा; मला तर त्या तमिळ लाडानं 'मा' म्हणायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. माझी मराठी ऐकून त्यांनाही आलं होतं, मी बातम्या सांगतेय असं त्यांना वाटायचं. दुसरे कोइंबतूरचे अण्णा. उंच, शांत, अतिशय व्यवस्थित. दोघंही आराखड्यांतली जाणती माणसं आणि दोघांचं एकमेकांशी पटत नसे.

न पटण्याचं कारण सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मोठ्या सॉफ्टवेअरचं एकच चित्र काढता येत नाही. काढलंच तर कोणालाच कळत नाही. म्हणून ते वेगवेगळ्या बाजूंनी काढायचं, हे दोघांनाही मान्य होतं. वाद होता तो बाजू कोणाच्या यावर. अण्णांच्या पद्धतीत त्या ठरलेल्या असत. कोणते भाग बनवायचे ती एक बाजू, चालू असताना ते एकमेकांशी कसे बोलतात ती दुसरी, कुठल्या यंत्रावर काय बसतं ती तिसरी, प्रोग्रॅमरांनी कामाची वाटणी कशी करायची ती चौथी. मग वापराच्या चार-दोन गोष्टी घेऊन या सगळ्यांतून दोरा ओवायचा. सगळी चित्रं एका जाणत्या हातानं काढायची. अक्कांच्या पद्धतीत बाजू माणसांच्या असत. ज्यांचा त्या कामाशी संबंध, त्या प्रत्येकानं आपल्याला ते काम कसं दिसतं ते स्वतः मांडायचं, आपल्या शब्दांत, आपल्या खुणांनी. दोन मांडण्या जुळल्या नाहीत तर नाही जुळल्या.

त्या वर्षी चेन्नईतल्याच अड्यारच्या एका हॉस्पिटलचं काम आलं. पेशंटच्या उशाशी बेल असते, ती दाबल्यापासून सिस्टर येईपर्यंतचा सगळा व्यवहार त्यांना नव्यानं बसवून हवा होता. ऐकायला सोपं वाटतं. पण त्यात वॉर्ड, डॉक्टर, यंत्रं सांभाळणारे इंजिनिअर, पेशंटला लावलेले मॉनिटर, औषधांच्या वेळा असं सगळं एकमेकांत गुंतलेलं होतं. आमच्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, यात एक संधी पाहिली. बेलचा एवढाच तुकडा दोन्ही पद्धतींनी करा, तुलना करू आणि उरलेलं सगळं काम जी बरी ठरेल तिच्या हिशेबानं करू, असं त्यांनी सांगितलं. तुलनेचं काम माझ्याकडे आलं. त्यानंतर हॉस्पिटलमधल्या सगळ्या मुलाखती एकाच माणसानं घ्यायच्या होत्या, आणि मीही त्यासाठी सरांच्या डोळ्यांसमोर होते. पुण्यात माझ्या हातून काढून घेतलेलं काम मला परत मिळण्याची ती वेळ होती. मला ते इतकं हवं होतं की त्या दिवसांत मी चुकूनही कोणाला माझ्या डाव्या बाजूला चालू देत नव्हते.

आधी अण्णांबरोबर बसले. त्यांच्याबद्दल मी कृतज्ञतेनंच लिहीन, कारण रेघ कशी ओढावी हे मला त्यांनी शिकवलं. एका चित्रातला भाग दुसऱ्या चित्रात कुठं भेटतो हे ते बोट ठेवून दाखवायचे आणि सांधा कुठंही सुटलेला नसायचा. बेल दाबली, वॉर्डच्या टेबलावर दिवा लागला, सिस्टरनं टेबलावरूनच माइकवर विचारलं, पेशंटच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून तिचा आवाज आला, कॉल बंद झाला. सिस्टरची फुकटची खेप वाचली. प्रोग्रॅमरांना दिलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी काम सुरू केलं असतं, इतकं ते स्वच्छ होतं. पेशंटच्या बाजूची गोष्टही अण्णांनीच लिहिली होती. पेशंटला ताबडतोब उत्तर मिळतं, त्याला धीर येतो. मी ती वाचली, काहीतरी खुपलं आणि मी पान उलटलं.

अक्कांच्या खोलीत वेगळाच कारभार. भिंतीवर मोठाले कागद, प्रत्येक कागद एकेकाचा आणि प्रत्येकाचं पेन वेगळ्या रंगाचं. नियम असा की ज्याचं पेन त्यानंच त्याच्या कागदावर लिहायचं. दुसऱ्याला पटलं नाही तर खोडायचं नाही, शेजारी खूण करायची. खुणेसाठी अक्का पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढायच्या. तमिळमध्ये टिकलीला पोट्टु म्हणतात. वॉर्डच्या मुख्य सिस्टर, हॉस्पिटलचे इंजिनिअर, एक तरुण डॉक्टर, मॅनेजमेंटचा एक माणूस एकेक करून येऊन लिहून जायचे आणि एखाद्यानं दुसऱ्याच्या ओळीवर काट मारायला हात उचलला की अक्का मागून त्याला तमिळमध्ये आणि मला मराठीत म्हणायच्या, "पोट्टु लाव, पुसूं नको." आठवडाभरात भिंत नटून उभी राहिली. अण्णा दारातून डोकावायचे आणि मान हलवत परत जायचे, कारण त्यांच्या मते एवढे तंटे उघडे ठेवून कोणाचं घर चालत नाही.

पेशंटचा कागद तेवढा कोरा होता. आजारी माणसाला गिंडीला कोण आणणार? ज्याच्यासाठी एवढा खटाटोप तोच नाही, म्हणून अक्का अडून बसल्या. पेशंट नसेल तर निदान पेशंट म्हणून पडून राहिलेलं माणूस हवं, असं त्यांचं म्हणणं. अण्णा म्हणाले, मी कधी हॉस्पिटलात पडून राहिलेलो नाही. डॉक्टर हसला, तो राहायचा तिथंच, पण खाटेवर नाही. मी म्हटलं की कॉलेजात असताना मिरजेला माझं ऑपरेशन झालंय. कसलं ते कोणी विचारलं नाही. हिरवं पेन माझ्या हातात आलं.

ऑपरेशन कानाचंच होतं. हाड सडत चाललं होतं, ते काढलं, त्यात ऐकणं गेलं. त्या वॉर्डातली एक दुपार मला कधी विसरता आलेली नाही. डाव्या कानावर जाड पट्टी, म्हणून उजव्या कुशीवर झोपवलेलं, म्हणजे चांगला कान उशीत. मळमळायला लागलं म्हणून मी बेल दाबली. कोणी आलं नाही. पुन्हा दाबली, आणखी दाबली, मग दाबतच राहिले आणि अंथरुणात ओकले. सिस्टर आली ती चिडूनच. दारातून आवाज दिला होता, येते म्हणून सांगितलं होतं, मग सारखी बेल कशाला, असं ती म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तिनं उत्तर दिलं होतं, आणि माझ्यापुरतं जगात कोणीही नव्हतं.

म्हणजे काय लिहायला हवं ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते लिहिलं की ते कसं ठाऊक हेही सांगावं लागणार होतं. म्हणून मी बिनधोक गोष्टी लिहिल्या. बेल हाताला लागेल अशी असावी. दिवा डोळ्यांवर येऊ नये. अक्का येऊन वाचायच्या, बरं म्हणायच्या आणि कागदावर बरीच जागा उरली आहे एवढं बोलून जायच्या.

शेवटच्या बैठकीला सगळे जमले. सरही आले. मुख्य सिस्टरांनी आपल्या निळ्या पेनानं काढलेली वाट वाचून दाखवली, बेल, दिवा, माइकवर उत्तर, कॉल बंद. कॉल बंद झाला की टेबलावरचा दिवा विझतो आणि त्या दुसऱ्या कामाला लागतात. अण्णा खुशीत होते, कारण नेमकं हेच त्यांच्याही चित्रात होतं. दोन्ही पद्धती एकाच ठिकाणी पोचल्या, मग एवढा पसारा कशाला, असं त्यांनी विचारलं आणि सरांनी मान डोलावली. मी माझ्या कागदापाशी उभी होते. दिवा विझतो हे ऐकलं आणि मिरजेचा तो उशीचा वास नाकात आला. मी हिरवं पेन उघडलं आणि लिहिलं, मी बेल दाबली, कोणी आलं नाही. मग जाऊन सिस्टरांच्या शेवटच्या ओळीशेजारी टिकली लावली.

अण्णांनी सौम्यपणे विचारलं की सिस्टर तर बोलल्या आहेत, मग पेशंटला कोणी आलं नाही असं का वाटावं? मी म्हटलं, त्याला ऐकू गेलं नसेल तर? इंजिनिअर म्हणाले, स्पीकर चांगला मोठा आहे. अण्णा म्हणाले, असा पेशंट विरळा, त्याच्यासाठी अपवादात एक ओळ घालू. ती ओळ तेच लिहिणार होते, त्यांच्या हातानं, त्यांच्या सुंदर अक्षरात. हे कशावरून, असं सरांनी मला विचारलं. तेव्हा मला पुण्याची ती काळजीवाहू माणसं आठवली आणि माझं डोकं तापलं. भीतीपेक्षा राग पुढं गेला, हे माझं भाग्य.

मी तमिळमधून म्हटलं, "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजवा उशीत असला की मी पूर्ण बहिरी असते. हा अपवाद नाही, ही मी आहे."

सगळ्यांत आधी मुख्य सिस्टर हलल्या. त्या टेबलाला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि मिरजेला काय झालं ते त्यांनी नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या की त्यांच्या वॉर्डात निम्मे पेशंट म्हातारे, कानाचं यंत्र उशीखाली काढून ठेवलेलं. समोर गेलं की हे आठवतं, टेबलाशी बसलं की आठवत नाही. त्यांनी निळं पेन घेतलं, आपलीच शेवटची ओळ खोडली आणि लिहिलं की कॉल बंद होईल तो पेशंटच्या उशाशी जाऊन बटण दाबल्यावरच. याच्यानं आमचे पाय मोडणार, असं पुटपुटत त्यांनी हॉस्पिटलच्या मॅनेजमेंटच्या कागदावर एक नवी टिकली ठोकली, सिस्टर वाढवा म्हणून. एक तंटा मिटला आणि दुसरा उभा राहिला.

अण्णांनी आपलं चित्र पुढं ओढलं. मग त्यांनी जे सांगितलं ते दुसऱ्या कोणी इतक्या सरळपणे सांगितलं नसतं. त्यांच्या पद्धतीत ही गाठ दिसलीच नसती, कारण सिस्टर आणि पेशंट दोघांच्या तोंडून ते स्वतःच बोलत होते, आणि माणसाचं स्वतःशी भांडण होत नाही. तुलनेचा निकाल तिथंच लागला. आधी अक्कांच्या भिंतीवर ज्याचं त्यानं लिहायचं, मिटतील ते तंटे मिटवायचे आणि मग अण्णांच्या चार बाजूंत ते सांधून प्रोग्रॅमरांना द्यायचं. आजही आम्ही असंच काम करतो. नुसत्या टिकल्यांवर प्रोग्रॅम लिहिता येत नाही हेही तितकंच खरं.

आता माझा निकाल राहिला होता. सरांनी मला आणि अक्कांना केबिनमध्ये बोलावलं, कॉफी मागवली. सर भला माणूस. त्यांनी फार हळुवार सुरुवात केली. मुलाखती म्हणजे दिवसभर वॉर्डात गोंगाट, एका वेळी पाच जण बोलणार, तुम्हाला त्रास होईल, तेव्हा आपण असं केलं तर? पुढचं वाक्य मला पाठ होतं. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांच्या एका शब्दाला तिथं वजन होतं आणि तो त्यांनी टाकावा म्हणून मी डोळ्यांनी अक्षरशः विनवलं. अक्का कॉफी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून निववत बसल्या. मला त्यांचा असा संताप आला की काय सांगू.

आणि मग मीच बोलले. मला त्रास कशानं होतो आणि कशानं नाही, ते मी सांगते, असं म्हणाले. एका वेळी एकानं बोलावं, सगळ्यांनी माझ्या उजवीकडे बसावं, आणि नाही कळलं तर मी पुन्हा विचारेन, त्यात मला लाज नाही. मुलाखती मला घ्यायच्या आहेत. सरांनी विचारलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. ते म्हणाले, सरि, ठीक आहे, मग सोमवारपासून जा.

ऑफिसातून बाहेर पडल्यावर मी अक्कांना जाब विचारला. आत गप्प का बसलात? त्या नेहमीप्रमाणे माझ्या उजव्या बाजूनं चालत होत्या, आणि हे 'नेहमीप्रमाणे' तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. पहिल्या आठवड्यापासून त्या कधी डावीकडे आल्या नव्हत्या. बैठकीत टेबलाच्या डाव्या टोकाची खुर्ची कोणी घेतली तर त्या त्याला उठवून ती मला द्यायच्या, मी ते त्यांचं खूळ समजत होते. म्हणजे तुम्हाला माहीत होतं, मी म्हटलं. त्यांनी होय म्हटलं. मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?

"कान तुझा, मा," अक्का म्हणाल्या. "मी कसें लिहूं?"

मी रस्त्यात रडले. मला फार बरं वाटलं होतं, म्हणून रडले. आपलं गुपित कळूनही आपल्या वतीनं एक अक्षर न लिहिणारं माणूस आपल्या वाट्याला आलं, याबद्दल कोणाचे आभार मानायचे तेच मला कळेना. अक्कांनी रुमाल दिला आणि सिग्नल सुटतोय, चल, म्हणाल्या.

सोमवारी मी अड्यारला गेले. मुख्य सिस्टरांनी मला पहिल्यांदा एका म्हाताऱ्या बाईंकडे नेलं. मांडीचं हाड मोडल्यानं त्या महिनाभर तिथं होत्या. मी खुर्ची घेऊन समोर बसले आणि प्रश्न विचारायच्या आधी सांगून टाकलं की मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. आजींनी आपल्या उजव्या कानाला हात लावला आणि तो हात हवेत उडवून दाखवला. त्यांचा उजवा गेला होता. सिस्टरांना त्यांनी हे कधी सांगितलेलंच नव्हतं. दोघींनी मिळून थोडा हिशेब केला. शेवटी आजी सावकाश कडेला सरकल्या, डाव्या हातानं गादी थोपटली आणि मला वर बोलावलं. बसच्या बाकावर बसतात तशा आम्ही खिडकीकडे तोंड करून खांद्याला खांदा लावून बसलो. माझा चांगला कान त्यांच्याकडे, त्यांचा चांगला कान माझ्याकडे. मी विचारलं, बेल दाबल्यावर काय होतं? आणि आजी सांगायला लागल्या.